रेषेपलीकडचा एक मिलिमीटर

6 ऑगस्ट 2023, मेलबर्न. महिला फुटबॉल विश्वचषकात शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत अमेरिका आणि स्वीडन 120 मिनिटं झुंजले, गोल एकही झाला नाही. स्वीडनची गोलरक्षक झेचिरा मुशोविच हिने तब्बल 11 फटके अडवले. मग पेनल्टी. स्वीडनच्या लिना हुर्टिगचा फटका अमेरिकेच्या अलिसा नेहरने अडवला, चेंडू वर उडाला आणि तिने तो पुन्हा बाहेर ढकलला. वाचला, असंच वाटलं. पण नियम असा, की अख्खा चेंडू अख्ख्या रेषेपलीकडे गेला की गोल. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रात चेंडू आणि रेषा यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट दिसत होती. गोल! अमेरिका बाहेर.

याआधीच्या आठही विश्वचषकांत अमेरिका पहिल्या तिनात होती आणि चार तिने जिंकले होते. त्यामुळे ‘अमेरिका घसरली’ अशी ओरड झाली. मला ते निदान चुकीचं वाटतं. घसरण शोधायची तर आधी ती उंची कुठून आली हे पाहायला हवं.

अमेरिकेत 1972 साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला त्याने मनाई केली आणि शाळा-कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहिले. इतरत्र काय चाललं होतं? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1921 पासून जवळपास पन्नास वर्षं आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद ठेवली. पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970 बंदी होती. ब्राझीलमध्ये तर 1941 ते 1979 कायद्यानेच मनाई! म्हणजे अमेरिकेच्या मुलींनी घाम गाळला हे खरंच, पण त्यांच्याशी टक्कर देऊ शकल्या असत्या अशा कितीतरी जणींना मैदानात पाऊलच ठेवू दिलं नव्हतं. 1991 च्या पहिल्या विश्वचषकात 12 संघ होते. 2023 मध्ये 32.

दारं उघडली की मागचे झपाट्याने पुढे येतात, कारण वाट आधीच कुणीतरी शोधलेली असते. प्रशिक्षणाच्या पद्धती, आहार, डावपेच आयते मिळतात. अग्रभागी असलेल्याला मात्र माणसाच्या शरीराच्या मर्यादेपाशी एकेका पावलासाठी झगडावं लागतं. तो पुढे सरकत असतानाही अंतर कमी होतं.

आता यात फुटबॉलचा स्वभाव मिसळा. या खेळात गोल फार थोडे होतात, त्यामुळे नशिबाला वाव मोठा. गणितात अशा विरळ घटनांसाठी ‘पॉयसन वितरण’ वापरतात. समजा, एक संघ सामन्याला सरासरी 4 गोल करतो आणि समोरचा अर्धा गोल, म्हणजे 0.5. तर बलवान संघ सुमारे 94 टक्के वेळा जिंकतो. आता तीच सरासरी 2 विरुद्ध 1 करा. संघ अजूनही दुप्पट गोल करतोय, तरी जिंकण्याची शक्यता साधारण 60 टक्क्यांवर येते. बरोबरीचे सामने दोघांत अर्धे-अर्धे वाटले तर ती 71 टक्के होते. बाद फेरीत असे चार सामने ओळीने जिंकायचे म्हणजे 0.71 चा चार वेळा गुणाकार. उत्तर येतं 0.25. पहिल्या परिस्थितीत, बरोबरी तशीच वाटून, हेच उत्तर सुमारे 0.85 होतं. म्हणजे दुसऱ्या परिस्थितीत स्पर्धेतला सर्वांत बलवान संघ असूनही चारातल्या तीन वेळा चषक दुसऱ्याच्या हाती जाणार.

म्हणून मेलबर्नचा तो मिलिमीटर मला अपघात वाटत नाही. संघ इतके जवळ आले की निकाल अशाच फटींतून ठरू लागतात.

2019 मध्ये याच अमेरिकेने थायलंडला 13-0 ने हरवलं होतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्ण परत मिळवलं, प्रशिक्षक होत्या इंग्लंडच्या एमा हेज. उपांत्यपूर्व सामना जपानशी, 1-0, जादा वेळेत. उपांत्य सामना जर्मनीशी, 1-0, तोही जादा वेळेत. अंतिम सामन्यात समोर ब्राझील. गोल एकच, 57व्या मिनिटाला, मॅलरी स्वॉन्सनचा.