बाकावरचा एक महिना

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एक मोठं वनस्पती उद्यान आहे. १९३३ च्या सुमारास एकोणीस वर्षांचा एक मुलगा तिथे महिनाभर रोज जायचा. अनोळखी मुलीशी बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. म्हणून त्याने स्वतःलाच गृहपाठ दिला होता : बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं आणि मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. सबबी चालणार नाहीत. अशा १३० जणी भेटल्या. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. पुन्हा भेटायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

हा मुलगा म्हणजे पुढचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस. घाबरलेल्या लहान मुलांजवळ भीती वाटणारा प्राणी हळूहळू आणत त्यांची भीती घालवण्याचे प्रयोग त्यांनी तोवर वाचले होते. तत्त्वज्ञानाचीही गोडी होती. गुलामीत जन्मलेला प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगून गेला होता की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्याची मतं करतात.

तरीही पदवीनंतर एलिस वळले मनोविश्लेषणाकडे. रुग्णाने कोचावर पडून बालपण उकलत बसायचं, आणि वर्षं जायची. आपल्या दुःखाचं मूळ रुग्णांना सापडे, पण वागणं तेच राही. एलिस यांनी ती वाट सोडली आणि १९५५ मध्ये स्वतःची पद्धत मांडली : विवेकनिष्ठ उपचारपद्धती. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो, तो पकडायचा. त्या विचारात बहुतेकदा एक 'च' दडलेला असतो : मला यश मिळालंच पाहिजे, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे. इच्छा असणं निरोगी आहे. तिचा अट्टाहास झाला की माणूस कोलमडतो. तो 'च' निघाला की पांगळं करणारी चिंता जाते आणि कामाला लावणारी काळजी उरते.

मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. विचार पटला म्हणून माणूस बदलतो, असं एलिस यांनी कधीच मानलं नाही. बाकावरचा तो महिना ते विसरले नव्हते. लाज वाटेल असं काहीतरी चारचौघांत मुद्दाम करून पाहायला ते लोकांना सांगत. दोरीला केळं बांधून रस्त्याने फिरवणं हा त्यातलाच एक सराव. पद्धतीच्या नावात आधी फक्त 'विवेक' होता, १९६१ मध्ये 'भावना' आली आणि १९९३ मध्ये, त्यांच्या ऐंशीच्या घरात, 'वर्तन'.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एलिस यांना पत्र लिहिलं आणि तो पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षं चालला. शंका विचारत, वाद घालत फडके ही पद्धत शिकले आणि मराठीतून शिकवू लागले. डॉ. आनंद नाडकर्णी हे त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक. त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली. 'विवेकनिष्ठ', 'स्वसंवाद' हे शब्द आज मराठी घरांतून आणि शिबिरांतून सहज कानावर पडतात, ते बरेचसे या वाटेने आले.