रिपोर्टमधला काळा ठिपका : खालच्या जबड्याचा ओपीजी काढणाऱ्यांसाठी

ओपीजीचा, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकाच फिल्मवर दाखवणाऱ्या एक्स-रेचा, रिपोर्ट हातात पडला की बरेच जण जिना उतरता उतरताच त्यातले शब्द मोबाईलवर शोधतात आणि पाच मिनिटांत घाबरून पुन्हा वर येतात. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

दोन माणसांची नाकं सारखी नसतात, तसे जबडेही नसतात. नाकातला फरक रोज दिसतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. हाडातला फरक मात्र फिल्मवरच पहिल्यांदा दिसतो, तोही एखादं भारदस्त लॅटिन नाव घेऊन.

हनुवटीजवळचं छिद्र

सगळ्यात जास्त विचारणा 'मेंटल फोरामेन'ची होते. यातल्या 'मेंटल'चा डोक्याशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'मेंटम' म्हणजे हनुवटी. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना, साधारण दुसऱ्या उपदाढेच्या मुळाखाली, हाडाला एक छिद्र असतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या नसेमुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. हे छिद्र थोडं पुढं-मागं असणं नेहमीचंच, आणि काहींना एका बाजूला दोनही असतात.

घोळ होतो तो फिल्मवर. छिद्राची काळी सावली नेमकी मुळाच्या टोकावर पडली, की तिथं पू झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी डॉक्टर दाताला थंड लावून तो जिवंत आहे का बघतात, मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ शाबूत आहे का पाहतात. कोन बदलून लहान एक्स-रे काढला, तर छिद्राची सावली मुळापासून सरकते. पू असेल तर ती मुळालाच चिकटून राहते. एवढी तपासणी झाल्याशिवाय रूट कॅनालची घाई नको.

सिस्ट म्हणतात, पण सिस्ट नाही

जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नळीखाली, कधी कधी काळा लंबगोल डाग दिसतो. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड स्टाफने यांनी 1942 मध्ये अशा 35 जणांची नोंद केली, म्हणून त्याला स्टाफने सिस्ट म्हणतात. प्रत्यक्षात ती गाठ नसून जिभेच्या बाजूनं हाडाला पडलेली खोबण असते, आणि तिच्यात बहुधा लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. पन्नाशी-साठीच्या पुरुषांत ती जास्त आढळते. दुखत नाही, आणि एकदा निदान पक्कं झालं की शस्त्रक्रियाही लागत नाही.

नळीला फुटलेला फाटा

दाढांच्या मुळांखालून नस जाते ती नळी काहींच्यात दुभंगलेली असते. एरवी याचं काही अडत नाही. पण अक्कलदाढ काढायची किंवा इम्प्लांट बसवायचं असेल तर फाटा आधी माहीत असलेला बरा; इंजेक्शन देऊनही दाढ नीट बधिर होत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं. ओपीजी सपाट चित्र असल्यानं त्यात फाटा बऱ्याचदा सुटतो, सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये) जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून सरसकट सगळ्यांनी सीबीसीटी काढावा असं मात्र आम्ही सांगणार नाही. त्यात पैसे जास्त जातात, किरणंही जास्त लागतात. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिला तरच काढा.

जिभेच्या बाजूला हाडाचे टणक उंचवटे लागत असतील, तर तो बहुधा 'टोरस' असतो. कवळी बसवताना अडचण आली तरच त्याकडे बघावं लागतं.

हे मात्र अंगावर काढू नका

ओठ किंवा हनुवटी आपोआप बधिर होणं, सूज वाढत जाणं, चांगले दात हलू लागणं. असं काही होत असेल तर रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो, लगेच डॉक्टरांकडे जा.

ओपीजी काढायला येताना कानातलं, नथ, गळ्यातलं आणि केसातल्या पिना काढून ठेवा. एका कानातल्या डुलाची धूसर सावली फिल्मवर दुसऱ्या बाजूला, थोडी वर उमटते आणि तपासणाऱ्याची गफलत होते. कवळी असेल तर तीही काढावी लागेल. डबी आमच्याकडे मिळेल. आणि घरात जुनी फिल्म सापडली तर जरूर घेऊन या, दहा वर्षांपूर्वीची असली तरी. डाग तेव्हाही तेवढाच होता की वाढलाय, हे दोन्ही फिल्म शेजारी ठेवल्या की लगेच कळतं.