टॅपेट कव्हरचं पॅकिंग की क्रँकचं मागचं सील? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी बघा

सकाळी जुन्या ओम्नीखाली तेलाचा डाग, वाकून बघितलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला थेंब लोंबतोय. मेकॅनिकला दाखवलं की तो लगेच म्हणणार, "मागचं सील गेलंय साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (मागचं सील म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारं रबरी कडं.) माझ्या २००६ च्या गाडीलाही हेच ऐकलं होतं आणि निघालं काय, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचा रबर! एकाला तासभर पुरतो, दुसऱ्यात अख्खा दिवस आणि मजुरी.

घोळ का होतो, तर ओम्नीत ते ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पाठीमागे, त्यामुळे वरून पाझरलेलं तेल इंजिनच्या अंगावरून ओघळत, वाऱ्यानं मागे सरकत शेवटी त्याच सांध्याशी येऊन बसतं. थेंब कुठे पडतोय ते सोडा, सगळ्यात वरची ओली जागा कुठली ते शोधा.

इंजिन गार असताना सीट उचला आणि झाकणाच्या कडेनं बोट फिरवा, खास करून मागच्या बाजूला, जिथे हात धड जात नाही आणि म्हणूनच कोणी बघत नाही. माझं बोट तिथेच काळं चिकट झालं. तरी खात्री नसेल तर ब्रश आणि डिझेलनं सगळं धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करून टाल्कम पावडर मारा आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, पावडरीत ओली रेघ वरून सुरू झाली तर पॅकिंग. वर सगळं कोरडं ठणठणीत आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आतूनच तेल येतंय तर सील. (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा.)

सिग्नलला उभं राहिलं की जळक्या तेलाचा वास येतो? बहुतेक पॅकिंग, तेल गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, पडतंय. घाटात इंजिन रेस होतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय, तर प्लेट झिजलेली असेल किंवा सीलचं तेल तिला लागलं असेल. आणि थेंबाला गंधकासारखा उग्र वास असेल तर दोन्ही नाही, ते गिअर ऑइल.

पॅकिंग बदलताना जुना रबर पूर्ण खरवडा, माझा वाकवल्यावर बिस्किटासारखा तुटला. सिलिकॉन थापू नका, जास्तीचं आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. बोल्टही जीव खाऊन आवळायचे नाहीत, झाकण वाकतं आणि पुन्हा गळायला लागतं.

सीलच निघालं तर गिअरबॉक्स उतरलाच आहे, तेव्हा क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) पण बघून घ्या, नंतर परत तेच उतरवण्यात काय मजा. क्रँकवर जुन्या सीलनं चर पाडलाय का ते नखानं तपासा.

दोन्हीत एक गोष्ट मात्र आधी करा, झाकणावरून एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदर पाइप साफ करा. तो तुंबला की आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि नवं पॅकिंग काय, नवं सील काय, दोन्ही महिन्याभरात परत ओली. माझ्या पाइपातून काळी चिकट घाण चमचाभर निघाली होती.