म्हावरं 'सरावतं', पण जनुकं बदलत नाहीत

ससून डॉकवर बोंबलांची घासाघीस चालू असताना हमखास ऐकू येतं, "समुद्र तापू दे, म्हावरं सरावतं, मग पिल्लंही तशीच निपजतात." अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं चिवट.

सरावणं खरं. पाणी तापलं की पेशीतल्या प्रथिनांची घडी विस्कटते. तेव्हा हीट शॉक प्रथिनांची जनुकं जागी होतात आणि ती प्रथिनं घडी सावरतात. पण जनुक जागं होणं म्हणजे बदलणं नव्हे. दिवा लावला म्हणून घराचं वायरिंग बदलत नाही.

जनुकीय बदल पिढ्यांचा. कळपात आधीपासून असलेल्या जनुकांच्या आवृत्त्यांपैकी तगणाऱ्या पुढे जातात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या किलीफिशमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची एक आवृत्ती थंड उत्तरेत जास्त, दुसरी उबदार दक्षिणेत. अंटार्क्टिकाचा ट्रेमॅटोमस बर्नाकी हा मासा तर दुसऱ्याच टोकाला: कायमच्या गारठ्यात राहून, पाणी तापल्यावर हीट शॉक प्रथिनं वाढवायचंच विसरलाय!

काही माशांत आईबापांनी सोसलेल्या उष्णतेचा ठसा पिल्लांत दिसतो, हेही खरं. पण तो उमटायला डीएनएची अक्षरं बदलावी लागत नाहीत.