स्पीकरला टाळी ऐकू येत नाही

शाळेत कलाकारांना बोलावून संगीताचा कार्यक्रम करायचं ठरलं की कुणीतरी हमखास विचारतं, 'एवढा खटाटोप कशाला? उत्तम रेकॉर्डिंग स्पीकरवर लावा, मुलं ऐकतील.' ऐकतील, हे खरंच. पण लय नुसती ऐकून अंगात भिनत नाही. वादकाने ठेका धरावा, मुलांनी टाळ्या द्याव्यात, त्या ऐकून वादकाने पुन्हा हात सावरावा, या देवाणघेवाणीत जे घडतं ते स्पीकरला जमणारं नाही.

टाळी तालात पडते म्हणजे काय होतं, ते आधी पाहू. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण ठोका ऐकून मग टाळी देत असतो, तर प्रत्येक टाळी तेवढी मागे पडली असती. पण ती ठोक्यावरच पडते. किंबहुना मोजून पाहिलं तर बरेचदा काही मिलिसेकंद आधीच पडते! याचा अर्थ मेंदू ठोक्याची वाट पाहत थांबत नाही. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधून हाताला आधीच निरोप धाडतो. हात मांडीवर ठेवून नुसता ठेका ऐकला, तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात.

अंदाज थोडाफार चुकतोच, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. समजा, मूल ठोक्यापेक्षा ८० मिलिसेकंद मागे आहे आणि दर टाळीला ते चुकीचा पाव हिस्सा भरून काढतं. समोर स्पीकर असेल तर अंतर ८० वरून ६०, मग ४५, मग साधारण ३४ असं हळूहळू कमी होईल. समोर वादक असेल आणि तोही पाव हिस्सा मुलाकडे सरकला, तर दर ठोक्याला अंतर निम्मं होईल: ८०, ४०, २०, १०. मात्र दोघांनीही पूर्ण चूक एकदम भरून काढायची ठरवली, तर मागचा पुढे जाईल, पुढचा मागे येईल आणि अंतर ८० चं ८० च राहील. प्रत्येकाने थोडंसंच सरकायचं, यातच सारं कौशल्य आहे. साथसंगत करणारे ज्याला 'सांभाळून घेणं' म्हणतात, त्याचं हे गणित.

लहान मुलांबाबत हे तपासूनही झालं आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. साथीला कधी माणूस, कधी ढोल बडवणारं यंत्र, तर कधी नुसता स्पीकरमधला आवाज. माणूस सोबत असताना मुलांचा ताल सर्वांत चांगला जुळला. अडीच वर्षांची मुलंसुद्धा स्वतःची सवयीची गती सोडून त्याच्या गतीकडे सरकली.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. 'मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल' हा प्रचार ज्या १९९३ च्या प्रयोगावर उभा आहे, तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना दिसलेला फायदा १०-१५ मिनिटांत ओसरला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. त्या नावाखाली सीडी विकणं ही पालकांची फसवणूक आहे. मुलांना संगीत द्यायचं ते संगीतासाठीच, त्याला बुद्ध्यांकाची जोड कशाला?

पुन्हा सभागृहात येऊ. तिथे एक अडचण असते, ती म्हणजे आवाजाचा वेग. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वादकापासून १७ मीटरवर बसलेल्या शेवटच्या रांगेत ठोका पोहोचायला ५० मिलिसेकंद लागतात. त्या रांगेची टाळी वादकापर्यंत परत यायला आणखी ५०. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंदांचं, म्हणजे तब्बल एक पंचमांश अंतराची गफलत. मुलांचा ताल कच्चा नसतो, हवाच उशीर करते. प्रकाशाला असा वेळ लागत नाही. म्हणून अनुभवी कलाकार टाळी देताना हात डोक्याच्या वर उंच नेतो, मुलांना तो खाली येताना दिसतो आणि अंदाज कानांऐवजी डोळ्यांवर बांधता येतो. याहून सोपा उपाय म्हणजे मंचावरून उतरून सभागृहाच्या मधोमध बसायचं आणि मुलांना भोवती गोल करून बसवायचं. १७ मीटरचे साडेआठ झाले, की १०० मिलिसेकंदांचा फेरा ५० वर येतो.