टेपचे नाव एक, ठावठिकाणा दुसरा

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांना आपण गाव आणि आडनाव सांगतो. ते आत जातात, नामावळीची वही आणतात आणि पणजोबांची नोंद समोर उघडून ठेवतात. वही कुठल्या फडताळात होती, हे कोणी विचारत नाही. संगणकाची माहिती साठवणाऱ्या टेपच्या दुनियेला या सोयीपर्यंत यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

१९५२ मध्ये आयबीएमचे ७२६ हे टेपयंत्र आले. एका रिळात जेमतेम दोन मेगाबाइट. रीळ शोधायचे माणसाने, चढवायचेही माणसाने. पुढच्या काळातल्या रिळांना मागे प्लास्टिकची कडी असे. ती काढली की त्यावर लिहिता येत नसे. ऑपरेटरच्या घाईवर एवढाच काय तो इलाज!

१९७४ मध्ये आयबीएमने ३८५० जाहीर केले. मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत ५० मेगाबाइटची कार्ट्रिज (टेपच्या बंद डब्या) आणि ती काढणारा यांत्रिक हात. गंमत म्हणजे प्रोग्रॅमला हे काहीच दिसत नसे. दोन कार्ट्रिज मिळून १०० मेगाबाइटची एक डिस्क आहे, अशी त्याची समजूत करून दिलेली असे. १९८७ मध्ये स्टोरेजटेक कंपनीचा बारा बाजूंचा सायलो, म्हणजे कार्ट्रिजचे कोठार, आला. त्यात सुमारे सहा हजार कार्ट्रिज आणि मधोमध फिरणारा रोबो.

खरी पंचाईत झाली ती टेप मोठी झाल्यावर. १९९५ मध्ये एका कार्ट्रिजमध्ये १० गिगाबाइट मावू लागले, पण मेनफ्रेमवरचे (मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकांवरचे) जुने प्रोग्रॅम एका टेपवर एकच फाइल लिहायचे. दोन-तीनशे मेगाबाइट लिहून झाले की उरलेली महागडी टेप कोरीच. चालू प्रोग्रॅमला हात लावायला कोणी धजेना. मग प्रोग्रॅमलाच गंडवायचे ठरले. १९९७ च्या सुमारास टेपच्या पुढे डिस्क बसवली गेली. प्रोग्रॅमने टेप मागितली की ‘चढवली’ असे तत्काळ उत्तर जाई, लिखाण डिस्कवर होई आणि अशा कित्येक आभासी टेप मागाहून एकाच खऱ्या टेपवर एकापाठोपाठ एक उतरवल्या जात. त्यांतल्या काही जुन्या होऊन रद्द झाल्या की खऱ्या टेपवर मधे मधे वाया गेलेली जागा उरे. तेव्हा उरलेल्या कामाच्या आभासी टेप दुसरीकडे हलवून ती मोकळी केली जाई, तीही प्रोग्रॅमच्या नकळत.

कोणती आभासी टेप कोणत्या खऱ्या टेपवर आहे, त्या सूचीवर आता सगळी मदार आली. ती हरवली तर कार्ट्रिज शाबूत असूनही उपयोग शून्य; वह्या आहेत, पण उपाध्ये नाहीत. पुढे एकाच टेप लायब्ररीचे (कार्ट्रिज आणि रोबोच्या कपाटाचे) आभासी भाग पाडून ती वेगवेगळ्या विभागांना आपापली वाटेल अशी सोयही झाली. एलटीओ या प्रचलित प्रकारची टेप २००० मध्ये १०० गिगाबाइटची होती, २०२१ मध्ये १८ टेराबाइटची झाली.

सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात कोणी ‘आमचा टेप बॅकअप आहे’ म्हणाले, तर मी आधी विचारतो, खरी टेप की डिस्कवरची आभासी? ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजपर्यंत खंडणीखोर व्हायरस पोहोचत नाही. डिस्कवरच्या ‘टेप’पर्यंत नेटवर्कमधून पोहोचू शकतो.