शंका विचारायची कुठे? आर्टिकलशिप करणाऱ्या सीए विद्यार्थ्यांच्या शिकवणीची पार्श्वभूमी

रात्री साडेनऊला यूट्यूबवर जीएसटीचा लाइव्ह वर्ग सुरू होतो, तेव्हा बघणाऱ्यांपैकी कित्येकजण नुकतेच ऑफिसातून घरी पोचलेले असतात. एखादा अजून लोकलमध्येच असतो, एका कानात इअरफोन घालून. हे सीएचे, म्हणजे चार्टर्ड अकाउंटन्सीचे विद्यार्थी. फर्ममधली सक्तीची उमेदवारी म्हणजे आर्टिकलशिप आणि ती करणारा, ऑफिसच्या भाषेत, ‘आर्टिकल’. दिवसा सीएच्या फर्ममध्ये व्हाउचर तपासायचे, रिटर्न भरायचे आणि उरलेल्या वेळात त्याच विषयांच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. सीएंच्या इन्स्टिट्यूटचा नियम आठवड्याला ३५ तास कामाचा आहे. टॅक्स ऑडिटच्या सप्टेंबरात ते तास कोणी मोजत बसत नाही.

ही सांगड इंटरनेटच्या कितीतरी आधीची. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम हे आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय निघाले. १९१८ साली सरकारने जीडीए ही हिशेबनिसीची पदविका सुरू केली. ती मिळवून मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली की ऑडिटर म्हणून व्यवसाय करता येई. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची इन्स्टिट्यूट अस्तित्वात आली आणि उमेदवारीची अट तशीच पुढे चालू राहिली. विद्यार्थी दिवसभर कामात अडकलेला असणार, हे या शिक्षणात पहिल्यापासूनच गृहीत धरलेले आहे. मग त्याला शिकवायचे कधी?

पहिले उत्तर अर्थातच घड्याळाचे होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सीएच्या खासगी क्लासेसनी हाच मार्ग धरला. सकाळी साडेसहाची बॅच, नाहीतर संध्याकाळी सातची, आणि शनिवार-रविवारी दिवसभर. झोपेचे खोबरे व्हायचे, पण एक सोय होती. तास संपल्यावर जिन्यात सरांना गाठून शंका विचारता यायची. पुढची सगळी माध्यमे या जिन्यापाशीच अडली, असे मला वाटते.

जे मुंबई-पुण्यात नव्हते त्यांच्यासाठी टपाल होते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. सीए इन्स्टिट्यूटचीही स्वतःची टपाली शिकवणी होती. अभ्याससाहित्य घरी येई, उत्तरपत्रिका लिहून पाठवायची, ती तपासून परत येई. शेरा हाती पडेपर्यंत आपण नेमके कुठे चुकलो होतो हे विद्यार्थी विसरूनही गेलेला असे.

दूरदर्शनकडून मोठ्या आशा होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक प्रसारण १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झाले. पण ते दुपारी लागायचे आणि दुपारी आर्टिकल क्लायंटच्या गोदामात माल मोजत असायचा. २००० साली ज्ञानदर्शन वाहिनी आली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. त्याच दशकात काही आयआयएमनी नोकरदारांसाठी उपग्रहामार्फत व्यवस्थापनाचे वर्ग चालवले. संस्थेच्या स्टुडिओत प्राध्यापक आणि शहराशहरांतल्या केंद्रांमध्ये पडद्यासमोर बसलेले मॅनेजर, अशी ती रचना होती. माइक दाबून प्रश्नही विचारता येई. ते खऱ्या अर्थाने थेट होते, फक्त ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत हजर राहावे लागे आणि फी कंपनीने भरली तरच परवडे. सीएच्या क्लासेसनी याचीच स्वस्त आवृत्ती ‘व्हर्च्युअल सेंटर’ म्हणून गावोगाव नेली.

त्यानंतर रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचा पेनड्राइव्ह आला आणि आर्टिकलला पहिल्यांदा स्वतःची वेळ मिळाली. एकाच लॅपटॉपवर चालणारे कुलूपबंद सॉफ्टवेअर, मोजून दिलेले ‘व्ह्यूज’ म्हणजे किती वेळा बघता येईल याची मर्यादा, ठरावीक महिन्यांची मुदत. दुप्पट वेगाने व्याख्यान ऐकायची सवय मुलांना इथेच लागली. सोय म्हणाल तर याहून चांगली नाही. मग लाइव्ह कशाला हवे होते? ठरलेल्या वेळी बसायचे, वेग वाढवता येत नाही, वर नेट अडखळते. नोकरी करणाऱ्यासाठी हा सौदा तोट्याचाच दिसतो.

मला वाटते याचे उत्तर जीएसटीत आहे. १ जुलै २०१७ ला अबकारी कर, सेवाकर आणि व्हॅट यांची जागा एका नव्या करप्रणालीने घेतली. १० नोव्हेंबरला गुवाहाटीच्या बैठकीत २८ टक्क्यांच्या गटातल्या पावणेदोनशेच्या आसपास वस्तूंचे दर उतरले. रिटर्नच्या तारखा पुनःपुन्हा पुढे जात होत्या. आर्टिकल ऑफिसात नवा कायदा राबवत होता आणि घरच्या पेनड्राइव्हमध्ये सर अजून सेवाकर शिकवत होते. मे २०१८ च्या परीक्षेत जीएसटी विचारला जाणार होता. आज निघालेली अधिसूचना आज रात्रीच कोणीतरी समजावून सांगायला हवी होती आणि ते काम रेकॉर्डिंगला जमणारे नव्हते.

साधने तोवर खिशात आली होती. फेसबुकने २०१६ च्या एप्रिलमध्ये लाइव्ह सर्वांसाठी खुले केले, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ बाजारात आले आणि डेटाचे भाव कोसळले. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी शिक्षकांनी लाइव्ह येऊन वित्त विधेयक उलगडायचे, ही आता प्रथाच पडली आहे. परीक्षेच्या तोंडावर आठ-दहा तास सलग चालणाऱ्या रिव्हिजनच्या ‘मॅरेथॉन’ही तशाच रुळल्या. सलग दहा तास बसून कोण किती शिकतो, याबद्दल मी साशंक आहे. पण एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला शेजारच्या चॅटमध्ये हजारो जण जागे दिसतात, हेही काही थोडे नाही.

शंकेचे मात्र तिथेही जमत नव्हते. लाइव्ह चॅटमध्ये प्रश्न टाकला की वाचून होईपर्यंत तो ‘गुड इव्हिनिंग सर’च्या लोंढ्यात वर सरकून गेलेला असतो. ती जागा ग्रुपने भरली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला २०१६ पासून २५६ जणांची मर्यादा होती, एका बॅचलाही ती अपुरी. टेलिग्रामवर लाखभर लोक एका ठिकाणी बसू शकत होते, मोठ्या फाइली ठेवता येत होत्या. म्हणून वर्ग यूट्यूबवर आणि शंका टेलिग्रामवर अशी वाटणी झाली. चोरून रेकॉर्ड केलेली व्याख्यानेही तिथेच फिरू लागली. २०२२ साली एका कोचिंग शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने अशी चॅनेल चालवणाऱ्यांचे तपशील उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला, तो याच धंद्यातून उद्भवलेला.

२५ मार्च २०२० च्या टाळेबंदीने नवे काही शोधले नाही, उरलेले पर्याय तेवढे बंद केले. मे २०२० ची सीए परीक्षा लांबत लांबत शेवटी नोव्हेंबरच्या परीक्षेत विलीन झाली. इतके दिवस क्लासरूमचाच आग्रह धरणारे शिक्षकही डिजिटल पेन घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले. पुढे इन्स्टिट्यूटनेही मोफत लाइव्ह वर्ग चालवले.

२०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. सीएच्या तीन टप्प्यांपैकी २०२४ पासून फाउंडेशन आणि इंटरच्या, तर २०२५ पासून शेवटच्या फायनलच्याही परीक्षा वर्षातून तीनदा होतात. चार-चार महिन्यांच्या या फेऱ्यांत टेलिग्रामवरचा एखादा ग्रुप उघडून पाहावा. रात्री पावणेबाराला कोणीतरी इनपुट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची शंका टाकलेली असते. सर झोपलेले असतात. उत्तर देतो तो दुसऱ्या गावचा एक आर्टिकल, कारण त्याने दुपारीच ऑफिसात नेमके तेच रिटर्न भरलेले असते.